शर्मे, फोल्डिंग सायकल घेतेयस तर आधी हे वाच

प्रिय शर्मी,

तुझा मेसेज वाचला आणि इतकं बरं वाटलं ना, की दोन ओळींचा रिप्लाय टाकायचं मनच होईना, म्हणून हे लांबलचक पत्र लिहायला बसलेय. तू विचारलंस फोल्डिंग सायकल घेऊ का, आणि घेतली तर ती चोरीला गेली तर काय. चहा घेऊन बस, वेळ लागेल.

आधी मला सांग, तुला फोल्डिंगच कशाला हवीय? मुरुडहून आगरदांडा, तिथून जंगल जेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, पलीकडे दिघी आणि मग बोर्लीची शाळा, एवढाच रस्ता असेल तर जंगल जेटीवर अख्खे टेम्पो चढतात गं, तिथे साधी गिअरची सायकल ढकलत नेलीस तर कोणाला काही अडचण नाही. साधी सायकल स्वस्त पडते, मोठी चाकं खड्डे नीट झेलतात, आणि दुरुस्ती कुठल्याही सायकलवाल्याकडे होते. पण तू लिहिलंयस की खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली गेट नाही, आणि जोराचा पाऊस असला की एसटी नाहीतर सहा सीटर धरावी लागते. मग मात्र फोल्डिंगच घे. घडी घालून सीटखाली किंवा मागे सामानात ठेवता येते, वर खोलीत नेता येते, आणि चोरीचा तुझा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

माझंही तेच आहे बघ. सासवण्याहून मांडवा जेटी सायकलने, मग रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट, मुंबईत भाऊच्या धक्क्याला उतरून पी. डिमेलो रोडने बॅलार्ड इस्टेट. पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंद असतात तेव्हा पूर्वी आमच्याकडची माणसं पेण-पनवेल करत एसटीने जायची किंवा सरळ मुंबईत खोली घेऊन राहायची. २०२० मध्ये रो-रो सुरू झाली आणि माझ्यासारखीला गावात राहून नोकरी करता यायला लागली. पण बोटीच्या अलीकडे आणि पलीकडे जे थोडं थोडं अंतर उरतं ना, तेच खरं खातं, वेळ पण आणि पैसे पण, रिक्षावाल्याची वाट बघ, टॅक्सी नाही म्हणते, मग घामाघूम चालत जा. सायकलने ते सगळं संपलं. मी हे मनापासून सांगतेय, सकाळी सासवण्याच्या वाड्यांमधून जेटीकडे जाताना मला जे वाटतं ते गाडीत बसून कधीच वाटलं नाही.

आता कुठली घ्यायची. लंडनच्या ब्रॉम्प्टनची घडी फार छोटी होते, अँड्र्यू रिची नावाच्या माणसाने १९७५ च्या सुमाराला ती काढली, बघायला फार सुंदर, पण आपल्याकडे लाखाच्या वर जाते आणि तिच्या नेहमीच्या मॉडेलचं चाक १६ इंची. ह्या १६ इंचात एक मेख आहे, नीट वाच. ब्रॉम्प्टनच्या रिमचं माप ३४९ मिलिमीटर आणि आपल्या दुकानात लहान मुलांच्या सायकलला जे १६ इंची टायर मिळतं ते ३०५ चं, म्हणजे दोन्हीवर १६ लिहिलेलं असतं आणि एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही. मुरुडला टायर फाटलं तर तू काय करणार? म्हणून माझं म्हणणं, २० इंची घे. डेव्हिड हॉनने १९८२ मध्ये अमेरिकेत डाहोन कंपनी काढली, मधोमध दुमडणाऱ्या अशा सायकली बनवायला लागला, आणि आज बाजारात ज्या स्वस्त-मध्यम फोल्डिंग दिसतात त्या बहुतेक त्याच पद्धतीच्या. पण तिथेही टायरच्या बाजूवरचा आकडा वाच, ४०६ पाहिजे, ४५१ नको. ४०६ म्हणजे पोरांच्या २० इंची सायकलचंच माप, ट्यूब अलिबागलाच काय, मुरुडलाही मिळेल.

वजन उचलून बघितल्याशिवाय घेऊ नकोस. अकरा किलो आणि चौदा किलो हे कागदावर सारखेच वाटतात पण दुसऱ्या मजल्यावर चढवताना, एका खांद्याला डब्याची पिशवी असताना, फरक कळतो. आणि गिअर पाहिजेतच, आपले चढ छोटे पण उभे असतात.

बरं, आता चोरी. माझं मत सांगते आणि ह्यावर मी ठाम आहे. फोल्डिंग सायकल बाहेर ठेवायची वस्तूच नाही. ती घडी होते म्हणूनच ती कोणीही उचलून रिक्षात टाकून नेऊ शकतं. तेव्हा जिथे तू जाशील तिथे ती आत आली पाहिजे, आणि ही सोय सायकल घ्यायच्या आधी करून ठेव, नंतर नाही. आमच्या ऑफिसात पहिल्यांदा साफ नाही म्हणाले, लिफ्टमध्ये सायकल चालणार नाही, फरशी खराब होईल, उद्या सगळेच आणतील. मी वाद घातला नाही. एक जाड कापडाची बॅग शिवून घेतली, सायकल त्यात घातली, टेबलखाली ठेवून दाखवली आणि अॅडमिनच्या माणसाला सांगितलं की बघा, बॅग आहे, सायकल दिसतेय का? चाकं पुसायला फडकं मी स्वतःचं ठेवते. आता तोच माणूस कधी कधी दार धरून उभा राहतो. तुझ्या शाळेत तर मुख्याध्यापक बाईंना आधीच भेट, स्टाफरूमचा कोपरा नाहीतर लायब्ररीतल्या कपाटामागची जागा माग, आणि बाईंना सांग की रोज वेळेवर येणार त्याचं कारण ही सायकल आहे. शिपाईमामांना विसरू नकोस, कुलपांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात.

तरी बाहेर ठेवायची वेळ येतेच, बँकेत जायचंय, बाजारात मासळी घ्यायचीय. त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी कुलूप. नंबरवालं पातळ केबल लॉक घेऊ नकोस, हार्डवेअरच्या दुकानातल्या केबल कटरने ते काही सेकंदात तुटतं, आमच्या बोटीवरच्या एकाची सायकल एका स्टेशनबाहेरून तशीच गेली, तुटलेली केबल तेवढी मागे राहिली. यू लॉक घे, म्हणजे यू आकाराच्या जाड पोलादी दांड्याचं कुलूप, छोटं, किंवा चांगल्या पोलादाची जाड साखळी आणि दणकट कुलूप. छोटं का तर आत जितकी कमी मोकळी जागा तितकं पहार घालून पिरगाळायला अवघड.

आणि लावायचं कुठे हे कुलपाइतकंच महत्त्वाचं आहे. खूप जण सीटच्या दांड्याला लावतात. अगं तो दांडा क्विक रिलीजचा, खटका उघडला की हातात येतो, मग कुलूप खांबाला राहतं आणि सायकल जाते! फोल्डिंगला साध्या सायकलसारखा मोठा त्रिकोण नसतो, मधे एकच नळी असते, म्हणून मागच्या चाकाजवळचा छोटा त्रिकोण शोध, त्यातून आणि चाकातून असं कुलूप घाल आणि ते घट्ट रोवलेल्या कशाला तरी अडकव. घडी घातलेली असेल तर अजून छान, दोन्ही चाकं शेजारी येतात, एका यू लॉकमध्ये दोन्ही चाकं आणि फ्रेम बसते की नाही ते दुकानातच करून बघ. सीट काढून पिशवीत टाक. चाकांना क्विक रिलीज असतील तर ते काढून साधे नट लावून घे, पान्ह्याशिवाय कोणी हात लावणार नाही.

एक आपल्याकडचीच गोष्ट, ही शहरातली माणसं सांगणार नाहीत. जेटीवरच्या रेलिंगला कुलूप लावायच्या आधी रेलिंग हलवून बघ. खाऱ्या वाऱ्याने वेल्डिंगचे जोड आतून खाल्लेले असतात, वरून रंग चकचकीत आणि खाली पोकळ, जोरात ओढलं तर नळीच निघून येते. आखूड खांब पण नको, वरून उचलून काढतात.

बिल जपून ठेव, आणि सायकल उलटी करून पेडलच्या खाली फ्रेमवर जो नंबर कोरलेला असतो त्याचा फोटो काढ, सायकलबरोबर तुझाही एक फोटो. गेलीच तर पोलिसात हाच नंबर लागतो. आता भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे, आणि तक्रार ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. सीटखाली ट्रॅकर लपवलास तर चांगलंच, पण तो आजूबाजूच्या लोकांच्या फोनवर चालणारा असेल तर निर्जन रस्त्यावर त्याचा फारसा भरवसा धरू नकोस.

खरं सांगू, मुरुडमध्ये चोर क्वचित येईल पण खारं वारं रोज येणार आहे. सायकल टिकवायची म्हणजे हे पण आलं, आणि फोल्डिंगला साध्यापेक्षा जास्तच, कारण मधल्या बिजागरीवर तुझं सगळं वजन असतं. समुद्राकाठून आलीस की गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पूस, मग कोरडी कर. पाइपचा जोरात फवारा मारू नकोस, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. बिजागरीच्या पिनेला थोडं ग्रीस, चेनला तेल, पावसात जाड तेल. गंज सोडवायला डब्ल्यूडी-४० चा स्प्रे चालेल पण चेनला नुसतं तेच मारून थांबू नकोस, त्यावर तेल लागतंच. खोबरेल तर अजिबात नको, चिकट होऊन जांभ्याची लाल माती धरून बसतं. आणि ओली सायकल बॅगेत बंद करून ठेवू नकोस, खोलीत आली की बॅग काढ आणि पंखा लाव. कुलपाचंही भोक खालच्या बाजूला राहील असं लाव, पाणी साठत नाही.

बिजागरीचा क्लॅम्प बंद करताना तळहाताने जोर लावावा लागला पाहिजे. सहज मिटला तर ढिला आहे, सायकलवाल्याकडून आवळून घे, तोपर्यंत बसू नकोस. वेल्डिंगजवळ केसासारखी बारीक रेघ दिसली तर ती ओरखडा समजून सोडू नकोस, आधी कोणाला तरी दाखव. हँडलच्या दांड्याचा खटका रोज निघताना हाताने तपास, हे मी तुला बहिणीसारखं बजावून सांगतेय, चालत्या सायकलचं हँडल दुमडलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

पुढच्या रविवारी मांडव्याला ये. माझी सायकल घेऊन जेटीपासून सासवण्यापर्यंत जा, घडी घाल, उघड, उचल, आमच्या घरचा जिना चढवून बघ. वाटेत शनिवार-रविवारच्या पर्यटकांच्या गाड्या असतील, म्हणून सकाळी लवकरची एसटी पकड. येताना तुझ्या खोलीच्या दाराची रुंदी आणि कॉटखालची उंची मोजून आण, त्यावरून आपण ठरवू. आईने आंबोशी ठेवलीय तुझ्यासाठी, आणि हेल्मेट मी देते, तू विकत घेऊ नकोस.

तुझी,
नीलू