जाहीर सूचना: आमच्या बडेबाबूंसाठी

आदरणीय बडेबाबू,
सा. न. वि. वि.

तुम्ही पेपर मागून वाचता हे साऱ्या कॉलेजला ठाऊक आहे. आधी जाहीर सूचना, मग निविदा, मग निधनवार्ता. पहिलं पान सगळ्यात शेवटी, तेही चहा उरला असेल तर. म्हणून मीही त्याच चालीवर सुरुवात करते. तमाम जनतेस याद्वारे कळविण्यात येते की, आमच्या कॉलेजचे बडेबाबू, म्हणजे ऑफिसचे हेडक्लार्क, गेल्या महिन्यात सेवानिवृत्त झाले, त्यांनी निरोप समारंभाला साफ नकार दिला, शाल-श्रीफळ आल्या पावली परत पाठवलं, आणि त्यामुळे जे माईकवर दोन मिनिटांत सांगून झालं असतं ते आता चारचौघांत सविस्तर सांगावं लागत आहे. कोणाची हरकत असल्यास ती विचारात घेतली जाणार नाही.

बारावी झाल्यावर मी कॉलेजच्या ऑफिसात आले ते पोलीस भरतीचं खूळ डोक्यात घेऊन. शारीरिक तंदुरुस्तीचा कोर्स निघालाय, तो केला की ग्राउंड निघतं, एवढंच ऐकलं होतं. आठशे मीटर धावण्याला वीस गुण, शंभर मीटरला पंधरा, चार किलोच्या गोळ्याला पंधरा, हे सगळं पाठ. सोबत बाबा होते. बोर्डावर ‘कम्युनिटी कॉलेज’ असं वाचून त्यांनी तुम्हाला पहिला प्रश्न टाकला, “कोन्या समाजाचं कॉलेज हाये थे?” हसू येऊ न देता तुम्ही त्यांना खुर्ची दिली आणि समजावलं की इथे कम्युनिटी म्हणजे जात नाही, आजूबाजूचा मुलूख. ज्याला घर, वावर, मजुरी सोडून शहरात शिकायला जाता येत नाही, त्याच्या दारात कामाचं शिक्षण न्यायचं. आपल्या देशात याची सुरुवात १९९५ मध्ये पुदुच्चेरीला झाली. बाबांना पुदुच्चेरी कळली नाही, पण “वावरातलं काम सांभाळून” हे बरोबर कळलं.

मग तुम्ही माझ्यापुढे एकाऐवजी दोन फॉर्म सरकवले. दुसरा पत्रकारितेचा.

“मले नाई पत्रकार व्हाचं,” मी म्हटलं.

“नको होऊ. फारम तं भर. एकोणीस झाले, विसावं नाव नसलं तं बॅच निघत नाई.”

मी भरला. संख्येसाठी. घरी आईला सांगताना लाज वाटली, जणू लग्नाच्या पंगतीत पान रिकामं नको म्हणून आपल्याला बसवलंय.

खरं काय ते ऑगस्टमध्ये कळलं. तंदुरुस्तीच्या सरांनी सगळ्यांची उंची, वजन, नाडी वहीत लिहून घेतली. माझी उंची भरली साडेत्रेपन्न, म्हणजे १५३.५ सेंटीमीटर. महिला पोलिसाला १५५ लागते. दीड सेंटीमीटर! मी तडक ऑफिसात आले, रडतच. तुम्ही जागेवरून उठला नाहीत, नुसतं दाराकडे बोट केलं. चौकटीवर निळ्या पेनाच्या दोन रेघा होत्या, एक १६५ ची मुलांची, एक १५५ ची मुलींची. इतक्या दिवसांत त्या माझ्या नजरेला पडल्या नव्हत्या. “फारम भरतानी तू चौकटीले टेकून उभी होती,” एवढंच म्हणालात.

बडेबाबू, तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. त्याच दिवशी का नाही सांगितलं? तुमचं म्हणणं, सांगितलं असतं तर मी एकही फॉर्म न भरता पुढच्या एसटीने घरी गेले असते आणि दिवाळीनंतर माझ्या लग्नाची पत्रिका तुमच्या टेबलावर आली असती. असेलही. तरी ते मला अजून पूर्ण पटलेलं नाही, आणि आभाराच्या पत्रात हे लिहिलं म्हणून तुम्ही रागावणार नाही हेही मला ठाऊक आहे.

तंदुरुस्तीचा कोर्स मी सोडला नाही. सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. १९१४ साली उभी राहिलेली ती संस्था, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या मुलांनी आपले देशी खेळ जर्मनीत करून दाखवले होते, हे ते दर पंधरा दिवसांनी सांगत, जणू स्वतः बोटीत होते. पण खरं शिकवलं ते साधं होतं. दहा सेकंद नाडी मोजून सहाने गुणायची. मुरगळलं की लगेच मालिश करायची नाही, बर्फ लावायचा. आणि मुलगी दुसऱ्या चकरेला धापा टाकत बसली तर तिला आळशी म्हणायच्या आधी तिचं रक्त तपासून आणायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात आम्हा मुलींचं हिमोग्लोबिन पाहिलं. बारा हवं, माझं नऊच्या थोडं वर. गोळ्या सुरू झाल्या आणि जेवणावरचा चहा बंद झाला, कारण चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तुम्ही हे ऐकून स्वतःचा कप बाजूला ठेवला होता. पाच मिनिटं.

पत्रकारितेच्या वर्गात मी पहिले दोन महिने शेवटच्या बाकावर होते. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं, हे सहा ‘क’ मॅडम फळ्यावर लिहीत आणि मी खिडकीतून मैदान बघत असे. जाग आली ती आमच्या गावच्या ओपन जिममुळे. पान ठेल्याच्या अगदी बाजूला, गाजरगवतात उभी असलेली ती निळी-पिवळी यंत्रं. एकही बाई तिकडे फिरकत नव्हती. मॅडम म्हणाल्या, हीच तुझी बातमी.

माहितीचा अधिकार वापरायचं ठरलं. २००५ चा कायदा, जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. तिकीट संपलं होतं तालुक्यात. तुम्ही ड्रॉवरमधून स्वतःचं काढून दिलंत आणि त्याचे दहा रुपये मोजून घेतलेत. मी अर्ज ग्रामपंचायतीत देऊन आनंदात परत आले, तर तुमचा एकच सवाल, “पोच घेतली काय?”

नव्हती घेतली. तुम्ही मला त्याच उन्हात दुसऱ्या एसटीने परत पाठवलंत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही. “तीस दिवस कुठून मोजशीन? तुह्या आठवणीतून?”

अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं. कागदावर दहा यंत्रं. मी मोजून आले, जाग्यावर आठ. मला तर रात्रभर झोप नाही. ‘दोन यंत्रं गायब!’ मथळा तयार, फोटो तयार, खाली माझं नाव तयार. मॅडमनी विचारलं, ग्रामसेवकाला विचारलंस का? मी तोंड वाकडं केलं. तो काय सांगणार, थापाच मारणार. तरी गेले. त्याने काही न बोलता चप्पल घातली आणि मला जिल्हा परिषद शाळेच्या मागच्या अंगणात नेलं. दोन्ही यंत्रं तिथे होती, पोरं लोंबकळत होती. ठरावाची नक्कलही होती, रीतसर पोच असलेली.

त्या दिवशी ती बातमी छापून आली असती तर मी गावात तोंड दाखवलं नसतं. शेवटी जी आली ती सहा ओळींची, आतल्या पानावर: व्यायामाची साधनं पान ठेल्याशेजारी असल्याने महिला येत नाहीत, जागा बदलण्याची मागणी. बिनानावाची. पुढच्या ग्रामसभेत आईसकट अकरा बायका तोंडाला पदर न लावता बोलल्या. यंत्रं पोळ्याच्या आधी शाळेजवळ हलली. गाजरगवत मात्र तिथेही उगवलंच.

आता मी एका पेपरला गावाकडच्या बातम्या देते. मानधन किती, ते तुम्ही विचारू नका, तुम्हाला आकड्यांचं वाईट वाटतं. पहाटे पाचला शकुंतला रेल्वेच्या बंद फाटकापासून कडुनिंबापर्यंत मुलींना पळवते. आठशे मीटर आम्ही शेत मोजायच्या टेपने मोजलेत, दोनदा. नऊ जणी येतात. आमच्या घराच्या चौकटीवरही आता १५५ ची रेघ आहे, पण नव्या मुलीला मी पहिल्याच दिवशी तिच्याखाली उभी करते आणि काय ते सरळ सांगते. दोघी कमी भरल्या. एक रडून घरी गेली, एक अजून पळायला येते. गेलेलीच्या घरी मी दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा जाताना तुमच्यासारखा एखादा फॉर्म हातात असता तर बरं झालं असतं, असं वाटलं.

ऑफिसात तुमच्या जागी नवे बाबू आलेत. त्यांनी भिंतींना रंग दिला, चौकटीलाही. रेघा गेल्या. मी पेन घेऊन गेले होते, त्यांनी मारू दिल्या नाहीत. आधी अर्ज द्या म्हणाले.

अर्ज दिलाय. पोच घेतली आहे.

आता या पत्राचीही पाठवा. शिक्का नसला तरी चालेल, तारीख आणि सही पुरे.

आपली,
पत्रकारितेच्या बॅचमधली विसावी