पुढे तुम्ही चाला, बाबा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेशनपासून हॉटेलपर्यंत कसं जायचं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. टॅक्सी नको, ट्रामही नको. अंतर दीड-पावणेदोन किलोमीटर आहे. चालतच जाऊ या. पुढे तुम्ही चाला, मी आणि आई मागून येतो.

याला कारण आहे. इथे मैत्रिणींचे आईवडील येतात, तीन महिने राहतात आणि मुलं कामावर गेली की दिवसभर खिडकीत बसतात. वाट चुकेल या धास्तीने दूध आणायलाही उतरत नाहीत. उभं आयुष्य स्वतःच्या हिमतीवर काढलेली माणसं अशी बसलेली पाहून मला फार वाईट वाटतं. तुमचं तसं होऊ द्यायचं नाहीये. एक रस्ता पायाखालचा झाला की पुढचे आपोआप सुटतात.

अ‍ॅमस्टरडॅम सेंट्रलच्या शहराकडच्या दाराने बाहेर पडायचं. मागच्या दाराने गेलात तर फेरीबोटींच्या धक्क्यावर पोचाल. समोरचा दामराक रस्ता सरळ दाम चौकात जातो. डावीकडे पर्यटकांच्या होड्या आणि लाल विटांची जुनी शेअर बाजाराची इमारत दिसेल. चौकात स्मारकाच्या पायऱ्यांवर लोक निवांत बसलेले असतात. आई, तूही तिथे गुडघ्याला जरा आराम दे.

चौकातला राजवाडा म्हणजे सतराव्या शतकातलं नगरभवन. खाली दलदल, म्हणून तो १३,६५९ लाकडी खांबांवर उभा केलाय. त्याला वळसा घालून मागे गेलात की वर ग्रीक पुराणातला अ‍ॅटलस खांद्यावर गोल पेलून उभा दिसतो. त्याच्याकडे पाठ केली की समोर राद्हाउसस्त्रात हा रस्ता. आता वळायचं नाही, फक्त पाणी मोजायचं. पहिलं सिंगल, दुसरं हेरेनग्राख्त, तिसरं कायझर्सग्राख्त, चौथं प्रिन्सेनग्राख्त. सिंगल त्याआधीचं, बाकीचे तीन १६१३ पासून खणलेले. हे कालवे जुन्या शहराभोवती एकाबाहेर एक असे वळत जातात. त्यामुळे कितवं पाणी आलं एवढं लक्षात ठेवलं की आपण कुठे आहोत ते कळतं. पाऊस आलाच तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पाण्याच्या मधे कमानींखाली दुकानं आहेत, तिथे थांबता येतं.

एक मात्र कटाक्षाने पाळा. इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. आणि लालसर पट्टा सायकलींचा. त्यावर क्षणभरही उभं राहू नका. सायकली भरधाव येतात आणि त्यांचा आवाज येत नाही.

तिसरा पूल ओलांडला की उजवीकडे वेस्टरकेर्कचा सुमारे ८५ मीटर उंच मनोरा येतो. चित्रकार रेम्ब्रांटला १६६९ साली याच चर्चमध्ये पुरलं. पलीकडेच अ‍ॅन फ्रँकचं घर. नाझींपासून लपून राहिलेल्या त्या मुलीला या मनोऱ्याच्या घंटांचा आधार वाटायचा. घंटा वाजेपर्यंत तिथे थांबायचंच आहे, मग कितीही उशीर होवो.

चौथा पूल मात्र ओलांडायचा नाही. त्याच्या अलीकडेच डावीकडे वळायचं, पाणी उजव्या हाताला ठेवायचं आणि घरांचे नंबर बघत जायचं. काठाच्या या बाजूला सगळे विषम आकडे आहेत. चर्चच्या जवळपास २७९, मग चढत चढत ३१५ ते ३३१ आले की हॉटेल पुलित्झर. मोठी पाटी शोधू नका, बाहेरून ही नुसती जुनी घरं दिसतात. वर पाहिलंत तर प्रत्येक घराच्या माथ्यावर तुळई आणि तिला लोखंडी आकडा दिसेल. आतले जिने इतके अरुंद की कपाट-पलंग दोराने वर ओढून खिडकीतून आत घ्यायचे. सामान भिंतीला घासू नये म्हणून कित्येक घरं मुद्दाम रस्त्याकडे किंचित झुकती बांधली आहेत.

हॉटेल १९७० साली पीटर पुलित्झर यांनी काढलं. ज्यांच्या नावाने पत्रकारितेचा पुरस्कार देतात, त्यांचे हे नातू. आज त्यात सतराव्या-अठराव्या शतकातली २५ घरं आतून जोडलेली आहेत. शेजारशेजारचे वाडे भिंती फोडून एक करावेत तसं. त्यामुळे हॉटेलच्या आतल्या बोळातून जाताना मधेच दोन पायऱ्या वर, मधेच खाली. आईसाठी मी लिफ्टजवळची खोली मागितली आहे.

आई, तिथले विटांचे रस्ते पावसात निसरडे होतात, चपला चालणार नाहीत. तुझ्या पायाचं माप कळव, बूट मी इथूनच घेऊन ठेवते. बाबा, गुडघ्याचा पट्टा तिच्या हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको.

तुमची लेक