गोल्डफिशचा डोळा वाचवणाऱ्या सरांस

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गोल्डफिशचा डावा डोळा सुजून बाहेर आला आणि त्यावर दुधासारखा पडदा चढला, त्या संध्याकाळी मी आपल्या दाराशी आले तेव्हा दुकानदाराने दिलेली निळ्या औषधाची बाटली माझ्या हातात होती. आपण ती बाजूला ठेवायला सांगितलीत आणि विचारलेत, “एकच डोळा की दोन्ही?”

एकाच डोळ्याला सूज असेल तर बहुधा मार लागलेला असतो, आणि दोन्ही डोळे बाहेर आले तर पाणी बिघडल्याचा किंवा अंगात जंतुसंसर्ग पसरल्याचा संशय घ्यावा, हे आपण आमच्या टाकीपुढे बसून समजावलेत. मग टाकीतली प्लॅस्टिकची कमान बाहेर काढून तिच्यावरून आमचाच सोलापुरी टॉवेल हलक्या हाताने फिरवलात, तेव्हा आतल्या एका कडेला त्याचा धागा अडकला. माशाला पापणी नसते, त्यामुळे अशी कड थेट डोळ्यालाच लागते. त्या कमानीखालून जाणारा मासा आम्ही रोज कौतुकाने पाहत होतो, हे आठवले की आजही जीव कळवळतो.

पण आपण तेवढ्यावर थांबला नाहीत, आणि हे पत्र सर्वांसमोर लिहिण्याचे कारणही तेच आहे. आपण टाकीचे पाणी टेस्ट किटच्या नळीत घेऊन थेंब टाकलेत. जे पिवळे राहायला हवे होते ते काही मिनिटांत हिरवे झाले, म्हणजे पाण्यात अमोनिया साचला होता. आपल्या सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि त्या दिवशी घरातले सगळे धुऊन-भरून घेण्याची घाई असते. त्याच घाईत मी टाकी पूर्ण रिकामी करून फिल्टरचा स्पंजही नळाखाली पिळून घेत असे. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजात राहतात, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीनने ते मरतात, हे मला कोणीच सांगितले नव्हते. अशा पाण्यात साधी जखमही चिघळते.

पुढचे उपचार साधेच होते. एका टबात २० लिटर पाण्याला एक छोटा चमचा एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, विरघळवून मासा त्यात ठेवला, एअर पंप चालू ठेवला आणि रोज थोडे पाणी बदलले. स्वयंपाकाचे मीठ त्याऐवजी चालणार नाही, हे आपण दोनदा बजावलेत. तीन आठवड्यांत सूज ओसरली. डोळ्यावर एक पांढुरका ठिपका मात्र राहिला आहे. त्या डोळ्याने पूर्ण दिसेलच असे नाही, हे आपण लेकीला खोटी आशा न दाखवता पहिल्याच दिवशी सांगितलेत, त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे. ती आता माशाच्या उजव्या बाजूने दाणे टाकते.

परवा नळाला पाणी आले तेव्हा टाकीसाठी दोन बादल्या रात्रभर उघड्या ठेवल्या, दुसऱ्या दिवशी टाकीतले चौथा हिस्सा पाणी तेवढे काढले, आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळला.

आपली कृतज्ञ शेजारीण,
सोलापूर