ओळखपत्र असूनही प्रवेश नाकारल्याबाबत फेरतक्रार

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय: चंद्रपूर येथील आपल्या चित्रपटगृहात ओळखपत्र तपासणीच्या नावाखाली झालेला भेदभाव.

महोदय,

गेल्या रविवारी सायंकाळच्या खेळाला माझा 22 वर्षांचा पुतण्या व 20 वर्षांची पुतणी यांना दारातूनच परत पाठवण्यात आले. त्याविषयीच्या माझ्या तक्रारीला आपल्याकडून आलेले उत्तर मूळ मुद्द्याला बगल देणारे असल्याने पुन्हा लिहावे लागत आहे.

'ए' प्रमाणपत्राच्या चित्रपटाला वय तपासणे बंधनकारक असल्याचे आपण कळवता. त्याबद्दल वादच नाही. 18 वर्षांखालील कोणालाही आत सोडू नये, हे मलाही मान्य आहे. माझी तक्रार तपासणी कोणाची झाली आणि कोणाची झाली नाही, याबद्दल आहे.

पुतण्याने डिजिलॉकरमधला वाहन परवाना दाखवला, तेव्हा दारावरच्या कर्मचाऱ्याने मोबाइल स्वतःच्या हातात घेतला, जन्मतारीख सोडून पत्ता वाचला आणि "जिवतीकडचे का? कोलाम का?" असे आमचा तालुका आणि आमची आदिवासी जमात यांवरून विचारून, "ओरिजिनल आणा" म्हणत दोघांनाही बाजूला उभे केले. त्यांच्या मागून आलेल्या, मिसरूडही न फुटलेल्या मुलांना मात्र तिकिटाचा क्यूआर कोड दाखवताच आत सोडण्यात आले. मी व्यवस्थापकांना गाठले, तर "तिकडून येणाऱ्यांचं पाहावंच लागते," असे उत्तर मिळाले. तक्रार वही मागितली, तेव्हा खाण्याच्या काउंटरवरच्या बिलाची कोरी बाजू माझ्यापुढे सरकवण्यात आली. तो कागद मी जपून ठेवला आहे.

डिजिलॉकरमधली शासनाने जारी केलेली कागदपत्रे मूळ कागदपत्रांच्या बरोबरीची मानावीत, अशी तरतूद 2017 पासून नियमांत आहे. आपल्या कंपनीला मूळ कार्डच हवे असेल, तर तसे तिकीट काढतानाच स्पष्ट लिहावे आणि मग ते प्रत्येकाकडे मागावे. आम्ही कोलाम आहोत, हे खरे; पण सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येत नाही, असे संविधानाचे अनुच्छेद 15(2) सांगते. ते आपल्या दाराशी लागू होत नाही, अशी आपल्या व्यवस्थापकांची समजूत दिसते.

त्याहून खटकले ते हे, की चौकशीचे म्हणून जे उत्तर आले, त्याखाली सही त्याच व्यवस्थापकांची आहे. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांनीच निवाडा करायचा, ही कुठली पद्धत?

तरी ही चौकशी त्या चित्रपटगृहाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याकडे सोपवावी आणि दारावरचे त्या वेळचे सीसीटीव्ही चित्रण पुसले जाण्यापूर्वी राखून ठेवल्याचे लेखी कळवावे. त्या खेळाला किती जणांची ओळखपत्रे तपासली, याचे उत्तर त्या चित्रणातच मिळेल. 'परतावा नाही' ही अट दाखवून अडवलेले दोन तिकिटांचे पैसेही परत करावेत. बघूच न दिलेल्या खेळाचे पैसे ठेवून घेण्याचा अधिकार ती अट देत नाही.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागण्याची मुभा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिली असल्याने मुंबईची वाट धरण्याचे मला कारण नाही.

आपला,
जिवती तालुक्यातील एक ग्राहक

सोबत: दोन्ही तिकिटांच्या प्रती, आपले उत्तर आणि वर उल्लेखिलेल्या बिलाची झेरॉक्स.