रोहूचा खवला
नागपूर

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल तुझे टेबल आवरताना काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये जपून ठेवलेला रोहूचा तो खवला सापडला. तू तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होतीस, तेव्हा एका रविवारी मी मासोळी साफ करत असताना तू मला थांबवलेस, खवला धुऊन भिंगाखाली धरलास आणि त्यावरच्या वलयांवरून माशाचे वय कसे काढतात ते समजावलेस. इतकी वर्षे मी ते खवले कचऱ्यात टाकत आले होते.

आज लिहिण्याचे कारण वेगळे आहे. परवा तुझ्यासाठी एक स्थळ सांगून आले. माणसे चांगली आहेत, पण लग्नानंतर मुलीने तळी आणि धरणे हिंडण्याची नोकरी करू नये, अशी त्यांची अट होती. बाबांनी त्याच संध्याकाळी नकार कळवला. रात्री मला तू सांगितलेल्या त्या दोघी ब्रिटिश शास्त्रज्ञ आठवत राहिल्या.

रोझमेरी लो १९४५ साली आफ्रिकेतील न्यासा सरोवरावर तिलापिया माशांचा अभ्यास करायला गेल्या आणि पुढे युगांडातील मत्स्य संशोधन संस्थेत काम करू लागल्या. मात्र १९५३ मध्ये लग्न होताच, विवाहित स्त्रीला ब्रिटिश वसाहतींच्या त्या सरकारी सेवेत राहता येत नाही या नियमामुळे त्यांना राजीनामा द्यावा लागला. कॅथलीन ड्रू-बेकर यांचेही लग्नामुळेच मँचेस्टर विद्यापीठातील अध्यापनाचे पद गेले. तरीही त्यांनी संशोधन सोडले नाही, आणि शिंपल्यांत वाढणारे एक गुलाबी शेवाळ ही निराळी जात नसून नोरीच्याच, म्हणजे जपानमध्ये खाल्ल्या जाणाऱ्या समुद्री शेवाळाच्याच, जीवनचक्रातील एक अवस्था आहे, हे १९४९ मध्ये दाखवून दिले. नोरीचे बीज येते कुठून, हेच तोवर जपानमधील शेवाळ-उत्पादकांना ठाऊक नव्हते. या शोधामुळे बीज हाताने तयार करणे शक्य झाले आणि नोरीची शेती नशिबावर अवलंबून राहिली नाही. त्या स्वतः कधी जपानला गेल्या नाहीत, पण उतो येथे त्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी १४ एप्रिलला तिथे लोक त्यांच्या स्मरणार्थ जमतात. हे वाचताना माझे डोळे भरून आले.

आपल्याकडे डॉ. बी. मीनाकुमारी मासेमारीच्या जाळ्यांवर संशोधन करत कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या आणि पुढे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत मत्स्य विभागाच्या उपमहासंचालक. तुझ्या वर्सोव्याच्या वर्गातल्या मुलींना ही तिन्ही नावे आवर्जून सांग. लग्न तू करशील तेव्हा कर. त्यासाठी काम सोडण्याची अट मात्र या घरातून कधीही मान्य होणार नाही, हे मी आणि बाबा दोघेही लिहून देत आहोत.

खवला कापसात गुंडाळून सोबत पाठवत आहे. मला चार वलये दिसली. तू पुन्हा मोजून कळव.

तुझी,
आई