वैशू, तो विटकरी रंग लावून बघ

प्रिय वैशू,

परवा फोन ठेवल्यापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. "ब्लश आपल्यासाठी नाहीच गं" असं तू सहज म्हणून गेलीस, पण मला ते लागलं. सात-आठ वर्षं मीही मनाशी हेच म्हणत होते. ते खरं नव्हतं, हे मला गेल्या दीड महिन्यात कळलं. फोनवर हे सगळं घाईघाईत सांगावं लागलं असतं, म्हणून निवांत बसून लिहितेय.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी वर्गाचा फोटो होता तो दिवस आठवतो? कुणाचा तरी फिकट गुलाबी ब्लश आपण दोघींनी लावला होता. डबीत किती गोड दिसत होता तो, आणि गालावर आल्यावर मात्र राखेचा हात फिरवल्यासारखा दिसायला लागला. तू तशीच जाऊन तोंड धुऊन आलीस. मी धुतलं नाही, आणि त्या फोटोत माझे गाल पिठूळ दिसतात. तेव्हा आपण दोष आपल्या रंगाला दिला. मला आज सगळ्यात आधी हेच सांगायचंय की दोष आपल्या सावळ्या रंगाचा नव्हता, त्या पावडरीत मिसळलेल्या पांढऱ्याचा होता.

फिकट गुलाबी, पीच असे रंग करायला लाल रंगात पांढरं घालावं लागतं, आणि ते पांढरं बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते चांगलंच झाकणारं असतं. गोऱ्या कातडीवर ते मिसळून जातं, गडद कातडीवर मात्र वर तरंगत राहतं, आणि पांढरट थराखालून सावळा रंग डोकावला की डोळ्याला राखाडी दिसतं. बस, एवढंच. आपल्याला हवा होता तो गडद, भरदार, ज्यात पांढरं कमीत कमी आहे असा रंग: विटकरी, जांभळट लाल, गडद गुलाबी. डबीत हे रंग भीतीदायक दिसतात गं. मीसुद्धा हातातली डबी दोनदा परत ठेवली होती. पण गालावर हलक्या हाताने लावल्यावर तोच रंग आतून आल्यासारखा वाटतो.

रंग कसा निवडला तेही सांगते. भराभर दोन-तीन जिने चढले आणि तशीच खिडकीजवळ आरसा घेऊन उभी राहिले. गालांवर जी लाली येते ती रक्ताची, आणि ब्लश तिचीच नक्कल करतो. माझी लाली विटेकडे झुकणारी निघाली. तुझी कदाचित जांभळाकडे झुकेल, कारण तुझ्या ओठांची आतली बाजू माझ्यापेक्षा जांभळट आहे. पण माझ्यावर विसंबू नकोस, स्वतः बघ. आणि बघायचं ते दिवसाउजेडीच. हाताच्या मागच्या बाजूवर रंग ओढून पाहण्याचा मला काही उपयोग झाला नाही. हाताचा आणि गालाचा रंग एक नसतोच. जबड्याजवळ किंवा थेट गालावर थोडा लावून उजेडात जायचं, आणि अर्धा तास थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं आहे, कारण त्वचेचं तेल पावडरीत मुरलं की रंग थोडा गडद होतो.

तर मी आणली ती साधीच डबी, खिशाला अजिबात जड नाही. मॅट आहे, चमक नाही. झाकण जरा तकलादू आहे आणि आत आरसा नाही. स्वस्त आहे म्हणून आत काहीतरी भलतंच असेल, अशी मला धास्ती होती. म्हणून ती आणि माझ्या बहिणीची महागडी डबी शेजारी ठेवून दोन्हींवरची घटकांची यादी वाचली. दोन्हींत टाल्क, अभ्रक, पावडर एकत्र धरून ठेवायला स्टिअरेट, आणि रंगासाठी लोहाची ऑक्साइडं. गेरूला लाल करणारं तेच हे. फरक होता दळण्यात. महागडी पावडर बोटांत रेशमासारखी लागते, माझी थोडी कोरडी, आणि ब्रश लावला की डबीच्या काठावर जरा भुकटी सांडते. गालावर पसरल्यावर मात्र बहिणीलाही ओळखता आलं नाही कुठल्या गालावर कुठली आहे. मी मुद्दाम दोन गालांवर दोन लावून तिच्यासमोर बसले होते.

यादी वाचताना तुझी आठवण झाली ती कार्माइनमुळे. हा सुंदर किरमिजी रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. तुला तसं काही चालत नाही हे मला माहीत आहे. यादीत कधी नावाने असतो, कधी नुसता सीआय ७५४७० एवढा आकडा असतो, म्हणून तो आकडा लक्षात ठेव. माझ्या डबीत नाही. सुवास असलेली डबी मात्र शक्यतो घेऊ नकोस, तुझ्या कातडीला लगेच खाज सुटते. आणि काहीही असो, आधी कानामागे थोडा लावून एक दिवस वाट बघच.

आता लावण्याबद्दल. पहिल्या सकाळी मी पार बिघडवलं. मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, आणि दोन मिनिटांत ब्लश. ओलसर जागी पावडर चिकटून बसली आणि डाव्या गालावर एक ठिपका तयार झाला, घासला तसा आणखी पसरला. दुसऱ्या दिवशी सनस्क्रीननंतर दहा मिनिटं थांबले, केस विंचरले, डबा भरला, मग चेहऱ्यावर नुसता टिश्यू दाबून घेतला आणि ब्लश लावला. अगदी एकसारखा बसला. फाउंडेशन लावत असशील तर त्यावर आधी साधी पावडर पुसटशी फिरव. सुक्यावर सुकं सरकतं, ओल्यावर ते अडकतं.

आणि डबीसोबत येणारा तो चपटा, राठ ब्रश बाजूला ठेव. एवढ्या एका गोष्टीवर मी ठाम आहे. तो रंगाचा पट्टा ओढतो. मऊ, सैल केसांचा, साधारण गालाच्या उंचवट्याएवढा ब्रश हवा. त्यावर रंग घेतला की दांडा मनगटावर हलकेच आपटायचा, म्हणजे जास्तीची भुकटी झडते. फुंकर मारू नकोस, ती भुकटी नाकात जाते. मग गालावर घासायचं नाही, टेकवत टेकवत जायचं. पहिला हात इतका फिका की लावलाय की नाही असं वाटावं. मग दुसरा. गडद पावडरीचा हा फायदाच आहे: थोडीशी पुरते, डबी सरता सरत नाही.

जागेबद्दल आपल्याला जे शिकवलं होतं, हसून गालाच्या गोळ्यावर लावायचं, ते मी सोडलं. हसताना गोळा वर जातो आणि हसू ओसरलं की रंग घेऊन खाली उतरतो, मग चेहरा उतरल्यासारखा दिसतो. तू म्हणतेस ना, सकाळी ऑफिसात सगळे विचारतात बरं नाही का म्हणून? मग ही गोष्ट तुझ्यासाठीच आहे. चेहरा सैल ठेव, नाकापासून दोन बोटं सोड, आणि गालाच्या हाडावरून कानशिलाकडे वर ने. उरलेला ब्रश, परत रंग न घेता, नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळाच्या कडेला एकदा टेकव. मला याने झोप नीट झाल्यासारखं दिसायला लागलं, झोप झालेली नसतानाही.

एक गंमत वाचली होती. १८६३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या बुर्जुआ कंपनीची सुरुवात रंगभूमीवरच्या नटांच्या रंगांपासून झाली, आणि पुढे तिचं नाव झालं ते सुक्या रूजच्या, म्हणजे ब्लशच्याच, छोट्या गोल डब्यांमुळे. तेव्हापासून मी ब्लश लावताना मनात म्हणते, शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसायची गरज नाही, समोर हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला दिसला की झालं. आणि त्याला दिसला तरी कळू नये की हा लावलेला आहे.

किती टिकतो? सकाळी आठला लावला तर दुपारी दोनपर्यंत छान. त्यानंतर नाकाजवळचा भाग, जिथे मला तेल सुटतं, तिथून तो उडायला लागतो. कानशिलाकडचा संध्याकाळपर्यंत राहतो. बहिणीचा महागडा ब्लश तासभर जास्त टिकला, हे कबूल करायला हवं. पण परत लावायला मला अर्धं मिनिट लागतं, आधी टिश्यूने टिपून. तेलावर थेट लावला तर डाग पडतात.

चौथ्या आठवड्यात मात्र एकदा काळजात धस्स झालं. ब्रश फिरवत होते आणि रंगच येईना. पावडरीवर गुळगुळीत, चकाकणारी साय धरली होती. वाटलं, स्वस्त ते स्वस्तच. पण ती माझ्याच गालांच्या तेलाची होती, ब्रशवरून डबीत गेलेली. चिकटपट्टीचा तुकडा वर हलका दाबून उचलला, साय निघाली आणि खाली तोच विटकरी रंग. आता दर रविवारी ब्रश सौम्य शाम्पूने धुते आणि केस खाली करून वाळवते. डबीवर उघड्या झाकणाचं चिन्ह आणि २४ एम असं आहे, म्हणजे उघडल्यापासून २४ महिने. पावडरीत पाणी नसतं, म्हणून ती क्रीमपेक्षा जास्त दिवस चांगली राहते.

वैशू, मला आनंद झाला तो मुळात रंगाचा नाही. इतकी वर्षं आरशात बघताना माझ्या मनात कुठेतरी तो पिठूळ गालांचा फोटो असायचा. परवा लिफ्टच्या आरशात माझं लक्ष गेलं आणि मी क्षणभर बघत राहिले, हा चेहरा मला आवडला म्हणून. तुलाही असं कधीतरी थांबून बघावंसं वाटावं, असं फार वाटतंय गं मला.

या पत्रासोबत एक नवी डबी पाठवतेय, न उघडलेली, माझीच शेड. ब्रशही आहे, धुतलेला. विटकरी तुला शोभला नाही तर लगेच कळव, जांभळट बघू. रविवारी सकाळी लाव, कुठे जायचं नसेल तेव्हा, आणि खिडकीपाशी उभी राहून फोटो काढ. दिवा लावू नकोस, फिल्टर नको. तसाच पाठव.

तुझीच,
मेघा