शेपर्टन, ऑस्ट्रेलियाहून, बंड्याला

प्रिय बंड्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, "तिकडं जाऊन पण बागेतच राबतोस होय रे?" हो बाबा, द्राक्षाऐवजी नाशपाती एवढाच काय तो फरक. थंडीतली छाटणी उरकत आलीये, आता सप्टेंबरात फुलोऱ्यावर दहिवर पडू नये म्हणून देव पाण्यात ठेवायचे.

पण आज फुटीचं लिहितो. फुटी म्हणजे यांचा फुटबॉल, लंबगोल बॉल, एका टीमचे 18 जण मैदानात, मधल्या दोन खांबांतून गेला तर 6 पॉइंट आणि बाजूच्यातून गेला तरी 1, म्हणजे नेम चुकला तरी ग्रेस मार्क! लोक मैदानाच्या कडेनं गाड्या लावून आतच बसतात, गोल झाला की सगळे हॉर्न बडवतात, आणि शेजारच्या कोर्टावर त्याच क्लबच्या पोरींचं नेटबॉल चालू. इथला रंबालारा हा क्लब आदिवासींचा, मुख्यतः यॉर्टा यॉर्टा लोकांचा, आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत अख्खं खानदान येतं.

आता तू शेतकरी माणूस म्हणून तुला हे सांगतो. या लोकांपैकी बऱ्याच जणांचे आजे-पणजे मरे नदीपलीकडं कमरगंजा नावाच्या सरकारी वस्तीत होते, तिथं काही घरांना जमिनीचे तुकडे मिळाले, त्यांनी कष्टानं पिकवले आणि मग सरकारच्या आदिवासी बोर्डानं ते परत काढून घेतले. मॅनेजरचा जाच, अपुरं रेशन, शेवटी फेब्रुवारी 1939 मध्ये दीडेकशेच्या वर माणसं वस्ती सोडून नदी ओलांडून इकडं व्हिक्टोरिया राज्यात आली. पुढं बरेच जण शेपर्टन आणि शेजारचं मुरूप्ना गाव यांच्या मधे नदीकाठी पत्रे-गोणपाटाच्या झोपड्यांत राहिले, हंगामात फळं तोडायची, नाहीतर कॅनरीत, म्हणजे फळं डबाबंद करायच्या कारखान्यात काम. 1954 ला राणी एलिझाबेथ आली तेव्हा वस्ती तिला दिसू नये म्हणून गोणपाटाचे पडदे लावले होते असं सांगतात. यॉर्टा यॉर्टा लोकांनी कोर्टात जमिनीवर हक्क मागितला तर 1998 ला जज म्हणाला की इतिहासाच्या लाटेत तुमचा हक्क वाहून गेला, आणि 2002 ला हायकोर्टानं, जे यांचं सुप्रीम कोर्टच, तेच कायम केलं. आणि पाणी तर इथं 2007 पासून जमिनीपासून वेगळं विकतात रे, शेअरसारखं! कालव्याच्या आवर्तनासाठी भांडणारा तू हे ऐकून डोक्याला हात लावशील.

कमरगंजाचाच डग निकोल्स, फुटी खेळणारा, उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, मेलबर्नच्या कार्लटन क्लबात काळा म्हणून टिकू दिला नाही, फिट्झरॉय क्लबानं 1932 ला घेतला तर गाजला, आणि पुढं 1976 ला साऊथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर झाला. एकटादुकटा चांगला खेळणारा सगळ्यांना हवा असतो बघ, पण आदिवासींचा आख्खा क्लब म्हटलं की लीगवाल्यांच्या कपाळाला आठ्या. रंबालाराला वर्षानुवर्षं नकार ऐकून 1997 ला कुठं लीगमध्ये जागा मिळाली. म्हणून मी त्यांचाच मफलर घालतो, बागेतले काही गोरे चिडवतात, चिडवू देत.

तू ऑक्टोबर छाटणी कधी धरतोयस? लवकर धरलीस तर डाऊनीला, त्या बुरशीला सांभाळ, परतीचा पाऊस यंदा काय करेल नेम नाही. आणि काकूंना सांग, मेतकूट संपलंय.

तुझाच,
सुन्या